आईचं हिप दुसऱ्यांदा बदललं : रक्ताची तयारी पाच आठवडे आधी सुरू झाली, त्याबद्दल

मुठाकाठ

गेल्या महिन्यात आईचं उजवं हिप दुसऱ्यांदा बदललं. वय ७१, वजन ५४ किलो. १४ वर्षांपूर्वी बसवलेला सांधा सैल झाला होता. आता ती वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते, परवा ओट्यापाशी उभी राहून स्वतःचा चहा केला. सांध्याची, फिजिओची, खर्चाची चौकशी आम्ही भरपूर केली होती. रक्ताचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. ज्यांच्या घरी हिप, गुडघा, मणका असं मोठं ऑपरेशन ठरतंय, त्यांनी तारीख घ्यायच्या आधी हे वाचावं असं फार वाटतंय, म्हणून धागा काढते आहे.

आईचं हिमोग्लोबिन ९.१ होतं. आम्ही म्हटलं, लागल्या तर दोन पिशव्या चढवतील. भावाची रजा मंजूर झाली होती, मावशी नाशिकहून येऊन राहिली होती. भूल देणाऱ्या मॅडमनी कागद पाहिले आणि ऑपरेशन पुढे ढकला म्हणाल्या. भाऊ चिडला. मलाही राग आला, खोटं कशाला सांगू.

मॅडमनी आईच्या फाइलच्या पाठीमागेच गणित मांडलं. बाईच्या अंगात किलोमागे साधारण ६५ मिली रक्त, म्हणजे आईचं सगळं मिळून साडेतीन लिटर. सैल सांधा काढून नवा बसवताना लिटरभर सहज जातं. पहिल्या खेपेपेक्षा जास्तच, कारण जुन्या व्रणातून वाट काढायची, जुनं सिमेंट खरवडायचं, हाड उघडं पडतं. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. ९.१ मधून तिसरा हिस्सा काढला की उरतं सहाच्या आसपास. "ऑपरेशन तातडीचं नाहीये, मग सहापर्यंत न्यायचंच कशाला?" एवढं विचारून त्या गप्प बसल्या. भाऊही गप्प झाला.

मग फेरिटिन तपासलं. ते आलं ८. अंगातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. या वयात लोह कुठे गेलं म्हणून पोटाची दुर्बिणीतून तपासणी केली, तर जठराच्या आतल्या अस्तराला बारीक बारीक जखमा. चार वर्षं हिप दुखतंय म्हणून आई वेदनाशामक गोळ्या घेत होती, बऱ्याचदा उपाशीपोटी. तिथून थोडं थोडं रक्त रोज जात होतं आणि आम्ही "वय झालं, दम लागणारच" म्हणत होतो. हे मला अजून टोचतं.

गोळ्या बंद केल्या, जठराचं औषध सुरू झालं, लोह सलाइनमधून दिलं. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.६. त्यानंतरच ऑपरेशन. अकराशे मिली रक्त गेलं. त्यातलं जे सक्शननं ओढलं ते सेल सेव्हर नावाच्या मशीननं धुऊन त्यातल्या पेशी आईलाच परत दिल्या. कापायच्या आधी ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध दिलं होतं, टाके घालताना पुन्हा एकदा. बाहेरची एकही पिशवी लागली नाही.

हे लिहिताना मोठे काका डोळ्यांसमोर येतात. २०११ चा मे महिना, मांडीचं हाड मोडलेलं, रॉड घालायचं ऑपरेशन. रात्री अकराला निरोप आला, "दोन पिशव्या घेऊन या, आधी तेवढे रक्तदाते द्या." मी आणि चुलतभाऊ थर्मोकोलचा डबा मांडीवर धरून स्कूटरवरून तीन रक्तपेढ्या फिरलो. काकांचं हिमोग्लोबिन ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही साडेआठच होतं, हे आम्हाला नंतर फाइलमध्ये दिसलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

इथे या क्षेत्रातले लोक आहेत. चुकलं असेल तर दुरुस्त करा, भर घाला.

सुलभाताई_ओटी

आईंना उत्तम आराम पडो. मी ३१ वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरात) सिस्टर होते, त्यातली बरीचशी हाडांच्या थिएटरात. "अकराशे मिली गेलं" हा आकडा कुठून येतो ते सांगते, कारण नातेवाइकांना वाटतं डॉक्टर अंदाजानं सांगतात.

सक्शनच्या जारवर खुणा असतात. पण जारमध्ये नुसतं रक्त नसतं, जखम धुतलेलं सलाइनही असतं. म्हणून किती बाटल्या धुवायला वापरल्या ते फळ्यावर लिहून ठेवायचं आणि जारमधून वजा करायचं. मग मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी बोळे. कोरा मॉप किती ग्रॅमचा ते आधी काट्यावर बघून ठेवायचं, भिजलेला आला की पुन्हा वजन. एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिली रक्त. ओला मॉप बादलीत टाकून मोकळं व्हायचं नाही, पाच-पाचच्या ओळीत मांडायचे, म्हणजे मोजणीही होते आणि भूलतज्ज्ञांना मान वळवली की दिसतं. चादरीवर, गाऊनवर, जमिनीवर सांडलेलं यात येत नाही. मोठ्या ऑपरेशनला माझे बूट आतून ओले व्हायचे. त्यामुळे खरा आकडा नेहमी मोजलेल्यापेक्षा जास्तच धरायचा.

आणखी एक. पेशंट गरम ठेवणं. एसी जोरात, अंग उघडं, वरून गार सलाइन. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. आम्ही सलाइन कोमट करून द्यायचो, वर गरम हवेचं ब्लँकेट. नवीन मुलींना मी आधी हे शिकवायची.

सासवडकर

ताई, धागा वाचून राहवलं नाही. आमची गोष्ट ठरलेल्या ऑपरेशनची नाही, अपघाताची आहे.

धाकटा भाऊ दिवे घाटात बाइकवरून पडला, मागून टेम्पो. कमरेचं हाड फुटलं. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता, पण पोरगा पांढराफटक आणि घामानं थबथबलेला. तिथे थांबलेल्या एका गृहस्थांनी (ते डॉक्टर होते हे नंतर कळलं) गाडीतली चादर काढली, घडी घालून त्याच्या ढुंगणाखालून घेतली आणि दोघांनी दोन बाजूंनी ओढून गच्च पीळ दिला. मी कमरेला बांधायला गेलो तर ओरडले, "कंबर नाही, खाली, मांडीचं हाड जिथे बाहेर लागतं तिथे." १०८ येईपर्यंत त्याला हलवू दिलं नाही, पाय फाकवू दिले नाहीत.

इस्पितळात सांगितलं की त्या हाडाच्या पोकळीत दोन लिटर आणि त्याहून जास्त रक्त साठू शकतं, बाहेर काहीच दिसत नाही. चादरीनं ती पोकळी आवळली. पहिल्या रात्रीत लाल पेशींच्या ११ पिशव्या, तेवढाच प्लाझ्मा, शिवाय प्लेटलेट. ऑपरेशन पाचव्या दिवशी, तोवर बाहेरून सळ्या लावून हाड धरून ठेवलं होतं. मला अजून कळलेलं नाही, नुसतं लाल रक्त का नाही चढवत? आणि मध्येच कॅल्शियमची इंजेक्शनं कशाला?

कातरवेळ

मी भूलतज्ज्ञ, पुण्यातच, वीसेक वर्षं. मुठाकाठ, तुमच्या मॅडमनी जे केलं त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा. ऑपरेशन पुढे ढकलणं हे फार अवघड काम असतं. सर्जन नाराज, नातेवाईक नाराज.

आधी सासवडकर. तुमच्या भावाचे प्राण त्या चादरीनं वाचवले असं म्हणायला हरकत नाही, आणि ती त्यांनी अगदी योग्य जागी बांधली. पिशवीतल्या लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात, पण त्यांच्यात गोठवणारे घटक नसतात. ते प्लाझ्मात असतात, आणि गुठळीचा पाया प्लेटलेट घालतात. नुसत्या लाल पेशी आणि सलाइन ओतत राहिलं तर अंगातलं रक्त पातळ होतं, गोठायचं थांबतं आणि अजून वाहतं. म्हणून मोठ्या रक्तस्रावात तिन्ही साधारण सारख्या प्रमाणात देतात. कॅल्शियमचं असं, की पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं. ते कॅल्शियम बांधून टाकतं. पिशव्या भराभर गेल्या की अंगातलं कॅल्शियम उतरतं, आणि त्याशिवाय ना रक्त गोठतं ना हृदय नीट आकुंचन पावतं.

आता ठरवून केलेल्या ऑपरेशनबद्दल. हाडाचा रक्तस्राव पोटाच्या ऑपरेशनसारखा नसतो. पोटात रक्तवाहिनी सापडते, तिला चिमटा लावता येतो, बांधता येते. हाडाच्या आतला भाग स्पंजासारखा, तो सगळीकडून पाझरतो. गुडघ्याला वर टुर्निके (मांडी आवळून रक्त अडवणारा पट्टा) बांधता येतो, हिपला आणि मणक्याला तीही सोय नाही. गुडघ्यातसुद्धा टुर्निके सोडल्यावर दडलेला स्राव होतोच, तो मांडीत उतरतो आणि दोन दिवसांनी निळा-जांभळा दिसतो. म्हणून आम्ही लहान लहान गोष्टी एकत्र जुळवतो. हिपला शक्यतो कमरेतून भूल, तिच्यात रक्त कमी जातं. मणक्याला पेशंट पालथा घालताना पोट मोकळं लोंबतं ठेवायचं, कारण पोट दाबलं गेलं की मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि तिथूनच रक्त येतं. दहा मिनिटं पोझिशनमध्ये घालवली तर पुढचा तासभर सर्जनला कोरडं मिळतं. सुलभाताई म्हणतात ते तापमानाचं तर शंभर टक्के.

ट्रानेक्झामिक ॲसिडबद्दल थोडं सविस्तर, कारण गेल्या काही वर्षांत हाडांच्या थिएटरात याच्याइतका फरक दुसऱ्या कशानं पडलेला मी पाहिला नाही. शरीर एका बाजूला गुठळी बांधत असतं आणि दुसऱ्या बाजूला प्लाझमिन ती विरघळवत असतं. ज्यापासून प्लाझमिन बनतं ते प्लाझमिनोजेन ज्या जागांनी गुठळीतल्या फायब्रिनच्या जाळ्याला चिकटतं, त्याच जागा हे औषध अडवतं. त्यामुळे बांधलेली गुठळी टिकते. जपानमधल्या शोसुके आणि उताको ओकामोतो या पती-पत्नींनी १९६२ साली ते जगासमोर आणलं. उताकोबाईंच्या मनात बाळंतपणातला रक्तस्राव होता. पाळीत जास्त जातं म्हणून बायकांना जी गोळी देतात ती हीच. अपघातासाठीची क्रॅश-२ ही मोठी चाचणी २०१० मध्ये आली, वीस हजारांवर रुग्ण. पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा, उशीर झाला तर नाही. बाळंतपणावरची चाचणी २०१७ मध्ये आली, उताकोबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

एक कळकळीची गोष्ट थिएटरमधल्या वाचकांसाठी. याची कुपी कमरेतल्या भुलेच्या औषधाच्या ट्रेमध्ये ठेवू नका. दोन्ही कुप्या सारख्या दिसतात. चुकून पाठीच्या कण्यात गेली तर झटके येतात, माणूस दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये यासाठी खास इशारा काढला होता. आमच्याकडे ती वेगळ्या खोक्यात, वेगळ्या कपाटात असते.

मुठाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. मॅडमना हा धागा दाखवणार आहे.

एक राहिलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी आईचं हिमोग्लोबिन १०.३ आलं, आम्ही सगळ्यांना फोन करून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ८.४. घरात एकच गोंधळ, आत कुठे रक्त वाहतंय का? रक्त का चढवत नाहीत? मी रात्री ड्युटी डॉक्टरांशी वाद घातला. त्यांनी आईला बसवलं, बीपी घेतलं, उभं केलं, पुन्हा बीपी घेतलं. चक्कर नाही, छातीत धडधड नाही, लघवी व्यवस्थित. म्हणाले, थांबू या. पिशवी लागली नाही, पण ती रात्र मी झोपले नाही.

कातरवेळ

तुमचं घाबरणं साहजिक होतं. रक्त वाहून जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात, म्हणून लगेच तपासलं तर आकडा चांगला दिसतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत शरीर बाकीच्या भागांतलं पाणी रक्तात ओढून घेतं, सलाइनही मिसळतं, मांडीत थोडा पाझर सुरूच असतो. खरा आकडा तिसऱ्या दिवशी कळतो. ड्युटी डॉक्टरांनी आईंना उभं करून पाहिलं ते फार बरं केलं.

८.४ ला न देण्यामागेही आधार आहे. २०११ साली फोकस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, पन्नाशीपुढचे २,०१६ रुग्ण. अर्ध्यांना १० च्या खाली गेलं की रक्त दिलं. उरलेल्यांना ८ च्या खाली गेलं किंवा त्रास दिसला तरच. ६० दिवसांनी कोण चालू शकतं आणि कोण दगावलं, यात फरक निघाला नाही. ॲलर्जी, ताप, फुप्फुसात पाणी हे धोके पिशवीगणिक असतात, म्हणून आता एक पिशवी देऊन पुन्हा तपासतात. पूर्वी आम्ही सरसकट जोडीनं द्यायचो. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बीपी पडत असेल तर मात्र आकडा आठच्या वर असला तरी द्यावं लागतं.

चाफेकळी

हा धागा आजच वाचला आणि पोटात गोळा आला. माझ्या आईचे दोन्ही गुडघे एकदम करायचे ठरलेत, १५ दिवसांनी. वय ६८. हिमोग्लोबिन १०.२. "दोन पिशव्या तयार ठेवू" एवढंच सांगितलंय. २०१९ मध्ये तिच्या हृदयात स्टेंट टाकलाय, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन दोन्ही चालू. शेजारच्या काकू म्हणतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या आजपासूनच बंद कर. आणि स्टेंट असताना ते गुठळी टिकवणारं औषध चालतं का? मी बीट, गूळ-शेंगदाणे, खजूर सगळं सुरू केलंय.

कातरवेळ

चाफेकळी, गोळ्या स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. हे अगदी हात जोडून सांगतो. नेहमी क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवतात आणि ॲस्पिरिन बऱ्याचदा चालू ठेवतात, पण कुणाचं काय थांबवायचं ते आईंच्या हृदयाच्या डॉक्टरांनी लेखी द्यायला हवं.

ट्रानेक्झामिकचं तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. २०२२ च्या पॉइज-३ चाचणीत हृदयाखेरीज इतर ऑपरेशनांचे साडेनऊ हजारांवर रुग्ण होते. मोठा रक्तस्राव औषध दिलेल्यांत ९.१ टक्के, न दिलेल्यांत ११.७. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे त्रास १४.२ आणि १३.९. फरक अगदी थोडा, पण धोका वाढतच नाही असं छातीठोक म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळाला नाही. म्हणून आईंच्या भूलतज्ज्ञांना स्टेंटचं वर्ष आणि कागद दाखवा, ते तोलून ठरवतील. पूर्वी फिट आली असेल, किडनीचा त्रास असेल तर तेही सांगा.

दोन्ही गुडघे एकदम म्हणजे रक्तही त्या मानानं जास्त जाणार. १०.२ वर फेरिटिन आणि बी१२ तपासल्याशिवाय मी तरी भूल देणार नाही. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता फार सापडते. खजूर-बिटानं १५ दिवसांत हा खड्डा भरत नाही. आणि गोळीनं लोह द्यायचं तर जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

रक्तगट_ओ

रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पिशव्यांबद्दल चार शब्द. "तयार ठेवू" म्हणजे नक्की काय ते चाफेकळींनी विचारून घ्यावं. गट तपासून राखून ठेवल्यात, की क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त आईंच्या रक्ताशी जुळवून पाहणं, झालंय? सगळं पहिल्यापासून करायला पाऊण तास तरी जातो. आईंच्या रक्तात वेगळी अँटीबॉडी निघाली तर जुळणारी पिशवी शोधायला दिवसही जातो, म्हणून नमुना आधीच पाठवलेला बरा.

मुठाकाठ, २०११ ची तुमची धावपळ वाचून वाईट वाटलं. "आधी दाते द्या" अशी अट घालू नये असे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे निर्देश आहेत. रक्त विकता येत नाही, फक्त प्रक्रियेचं शुल्क घेता येतं. पैसे घेऊन रक्त देणारे दाते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले. कुठल्या पेढीत काय शिल्लक आहे ते ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, रात्री स्कूटर काढायच्या आधी तिथे पाहावं.

थर्मोकोलच्या डब्यात पिशवीला बर्फ थेट लागू देऊ नका, पेशी फुटतात. वॉर्डात आणून टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका. अर्ध्या तासात चढवायला सुरुवात, चार तासांत संपवायचं. "मुलाचंच रक्त आईला द्या" असा आग्रह खूप लोक धरतात. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीरावर उलटू शकतात, क्वचित होतं पण जीवघेणं असतं. त्यापेक्षा तुमचं रक्त पेढीला द्या, आईला अनोळखी माणसाचं मिळू दे.

आणि मे महिना. लाल पेशी ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. गणपतीत मंडळांची शिबिरं होतात तेव्हा आमच्याकडे फ्रिज पुरत नाही. कॉलेजं सुटली, लोक गावी गेले की त्याच फ्रिजमधले कप्पे रिकामे दिसतात. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. गणपतीत दिलेल्यांनी मे महिन्यात एकदा यावं.

सासवडकर

रक्तगट_ओ, भावाला ज्या अनोळखी लोकांच्या पिशव्या लागल्या त्यांचे उपकार फेडायचे आहेत. आमच्या तालमीतली ३० पोरं आहेत, मे च्या पहिल्या रविवारी सासवडला गाडी पाठवता येईल का? व्यक्तिगत निरोप पाठवतो.

चाफेकळी

सगळ्यांना कळवते. काल भूलतज्ज्ञांना वेगळं भेटलो. फेरिटिन ११, बी१२ पण कमी. डॉक्टरांनी स्वतःहूनच तारीख सहा आठवडे पुढे नेली आणि आधी एकच गुडघा करायचा म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्यांचं वेळापत्रक सही-शिक्क्यानिशी दिलंय, ते फ्रिजवर चिकटवलंय. आई थोडी हिरमुसली, तिला भाचीच्या लग्नाआधी चालायचं होतं. लोहाचं सलाइन उद्या सकाळी साडेनऊला आहे, मी रजा टाकली आहे.